मेहेरची रक्कम दिली होती का, ते आधी विचार

आपा, अस्सलामु अलैकुम. मी २३ वर्षांचा आहे, वडाळा गावात राहतो. चौदाव्या वर्षी हिफ्ज, म्हणजे कुरआन पाठ करणं, पूर्ण केलं, मग शाळेत परत गेलो. मराठी माध्यमातून बारावी झालो, आयटीआयला फिटर केलं. आता सातपूरला एका कारखान्यात आहे, हातात १७ हजार येतात. आमच्या मशिदीचे इमाम साहेब थकलेत. ते आजारी असले की नमाज मी पढवतो, दोन वर्षं रमजानच्या रात्रीची तरावीहची नमाजही पढवली. लोकांना वाटतं मला सगळं येतं. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एक बाई आल्या. नवरा वारला, घर त्याच्या नावावर, पदरात दोन मुलगे आणि एक मुलगी, सासूबाई हयात. दीर म्हणतात, तुझा काही हक्क नाही. ‘बेटा, तू हाफिज आहेस, सांग माझा हिस्सा किती?’ मला सांगता आलं नाही. विचारून सांगतो म्हणालो आणि तेव्हापासून त्यांच्या दारावरून जायचं टाळतो. आता मनात घेतलंय की आलिमियत, म्हणजे मदरशातलं दीनचं पूर्ण शिक्षण, करायचं. अब्बा रिक्षा चालवतात. ते म्हणतात, सात-आठ वर्षं घालवून येशील आणि मशीद कमिटी नऊ हजार हातावर ठेवेल, बहिणीचं लग्न कोण करणार? मित्र म्हणतात, ऑनलाइन कोर्स कर. मी काय करू?

— एक वाचक, वडाळा

वअलैकुम अस्सलाम, बेटा.

त्या बाईंच्या दारावरून जायचं टाळतोस हे तू लपवलं नाहीस, म्हणून तुला लांब उत्तर लिहिते आहे. मदरशात जायला निघालेली पुष्कळ मुलं मी पाहिली. कुणाच्या आवाजाचं मोहल्ल्यात कौतुक झालेलं असतं, कुणाच्या डोळ्यांपुढे दस्तारबंदीचा, म्हणजे शिक्षण संपल्यावर पगडी बांधण्याचा, दिवस असतो, कुणाला आईने जन्माआधीच बोलून ठेवलेलं असतं. तुला एक प्रश्न सलतोय. शिकायला निघण्यासाठी याहून चांगलं कारण मला ठाऊक नाही.

माझं मत आधीच सांगते. जा, आणि अर्धवट न सोडता पूर्ण शिक. पण घरची चूल मशीद कमिटीच्या हातात देऊ नकोस. आणि निघण्याआधी एक वर्ष इथेच, नाशकात, तयारीला दे.

चुलीचं आधी बोलते, कारण मी इमामाची मुलगी आहे. माझे अब्बा २६ वर्षं इमामत करत होते. मशिदीला लागून दोन खोल्या होत्या, भाडं नव्हतं. डबा घराघरांतून बारीने यायचा. लोक प्रेमाने पाठवायचे, त्यात खोट नव्हती. पण आज कुणाकडून डबा आला हे आम्हा भावंडांना रोज कळायचं, आणि उद्या रस्त्यात त्या घरच्या माणसांशी कसं बोलायचं हे आम्ही न शिकवता शिकलो होतो. एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, अब्बा नमाजेआधीच्या बयानात हुंड्यावर बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही. कमिटीतल्या एका वजनदार माणसाच्या घरी पंधरा दिवसांवर लग्न होतं. महिना संपला तसा खोली रिकामी करण्याचा निरोप आला. मी नववीत होते. हातगाडीवर सामान चढवताना अब्बांनी किताबं सगळ्यात वर ठेवली, पावसाचे दिवस होते म्हणून त्यांवर माझी शाळेची रेनकोट घातली, आणि आम्ही चुलतमामूंच्या घरी गेलो. पुढे त्यांना दुसरी मशीद मिळाली. तिथे ते हुंड्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. खोली गेल्याचं दुःख मी विसरले, हे मात्र आजवर विसरू शकले नाही.

इमामतीचा मोबदला घ्यावा की नाही हा वाद फार जुना आहे. पहिल्या पिढ्यांतले हनफी फकीह, म्हणजे आपल्या पंथाचे धर्मकायद्याचे जाणकार, नमाज पढवण्याचे, अजान देण्याचे, कुरआन शिकवण्याचे पैसे घेणं जायज मानत नव्हते. नंतरच्या फकीहांनी पाहिलं की मोबदला नाकारला तर माणसं पोटामागे जातील आणि मशिदी ओस पडतील. म्हणून त्यांनी गरज ओळखून परवानगी दिली. तेव्हा पगार घेण्यात लाज नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानेही वक्फ मंडळांच्या अखत्यारीतल्या इमामांना मोबदला मिळाला पाहिजे असा निकाल दिला. पण मोहल्ल्यातली मशीद चालते ती वर्गणीवर आणि जुम्म्याच्या पेटीवर. नऊ हजार देणारी कमिटी तुला लुटतेय असं नाही, बहुतेक वेळा तिच्याकडे तेवढेच असतात.

ज्यांच्या मसलकावर, म्हणजे पंथावर, तू नमाज पढतोस ते इमाम अबू हनीफा कूफा शहरात रेशमी कापडाचे व्यापारी होते. दुकान चालवलं, फिक्ह म्हणजे धर्मकायदा शिकवला, आणि खलिफाने देऊ केलेलं काझीपद घेतलं नाही. ज्याचं दुकान चालतं त्याला ‘नाही’ म्हणता येतं. तुझ्या हातात फिटरचं काम आहे. ते सोडून द्यायची गोष्ट म्हणून पाहू नकोस. सुट्ट्यांत करत राहा, हात सुटू देऊ नकोस. आलिम होऊन आल्यावर दिवसा कुठे अर्धवेळ मशिनरीचं काम आणि पाच वेळा मेहराबीत, इमामाच्या जागी, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं बयान ऐकताना कमिटीचे लोक जरा सरळ बसतात.

आता शिक्षणाचं. तू कुरआन पाठ केलास, ती मोठी दौलत आहे. पण ती दारातली पायरी आहे, घर पुढे आहे. आपल्याकडच्या बहुतेक मदरशांत दर्स-ए-निजामी चालतं. लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन १७४८ साली वारले, त्यांच्या नावाने हा अभ्यासक्रम ओळखला जातो. १८६६ साली सुरू झालेलं देवबंदचं दारुल उलूम असो की मुबारकपूरचं अशरफिया, मसलक वेगळे असले तरी पाया बराचसा हाच. लखनौच्या नदव्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यात बदल करून अरबी भाषा आणि इतिहासाला जास्त जागा दिली. पहिली दोन-तीन वर्षं नुसतं व्याकरण, म्हणजे सर्फ आणि नह्व. मग फिक्हमध्ये नूरुल इजाह, कुदूरी आणि पुढे हिदाया. सोबत उसूल म्हणजे कायद्याची तत्त्वं, मंतिक म्हणजे तर्क, अकाइद म्हणजे श्रद्धेचे सिद्धांत. तफसीरला, म्हणजे कुरआनच्या अर्थाला, जलालैन, हदीसला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांना, मिश्कात, आणि शेवटच्या वर्षी दौरा-ए-हदीस. त्या वर्षी हदीसचे सहाही मोठे संग्रह उस्तादांसमोर वाचले जातात आणि सनद मिळते. सनद म्हणजे नुसता कागद समजू नकोस. कुणी कुणाकडून ऐकलं याची ती साखळी असते, आपल्या देशातल्या बहुतेक साखळ्या दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांमधून मागे जातात, आणि शेवटी तुझं नाव तिच्या टोकाला जोडलं जातं. ऑनलाइन कोर्सचं उत्तर मला इथेच द्यावंसं वाटतं. माहिती मोबाइलवर मिळेल. चूक वाचलीस की त्या क्षणी थांबवणारा उस्ताद समोर लागतो. तू हाफिज आहेस, तजवीद, म्हणजे कुरआनचे शुद्ध उच्चार, कशी शिकलास ते आठव.

हे सगळं त्या बाईंच्या प्रश्नाला कसं भिडतं ते बघ. विरासतीसाठी, म्हणजे वारसाहक्कासाठी, सिराजी नावाची एक छोटी किताब शिकवतात. ती शिकलेला माणूस हिस्सा सांगण्याआधी चार गोष्टी विचारतो. कफन-दफनाचा खर्च निघाला का? मय्यतीवर कर्ज होतं का? वसीयत होती का, आणि असेल तर ती एक तृतीयांशाच्या आत आहे का? आणि मेहेरची रक्कम दिली होती का? कारण मेहेर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम, आणि न दिलेली मेहेर हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे. वाटण्या होण्याआधी ते बायकोला मिळतं, तिच्या हिश्शाव्यतिरिक्त. आपल्या गल्ल्यांमध्ये बहुतेक बायांना हे ठाऊक नसतं. मय्यतीजवळ उभं करून त्यांच्याकडून ‘मेहेर माफ केली’ असं वदवून घेतात. त्या वेळी ती बाई कोणत्या अवस्थेत असते याचा विचार कोण करतो?

मग वाटण्या. सासरे हयात नाहीत असं धरून मांडते. मुलंबाळं आहेत म्हणून बायकोला आठवा हिस्सा, मयताच्या आईला सहावा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. हे पूर्णांकात बसवायला १२० भाग कर. बाईंना १५, सासूबाईंना २०, प्रत्येक मुलाला ३४, मुलीला १७. बेरीज करून बघ. आणि दीरांना? मुलगे असताना मयताच्या भावांना काहीही मिळत नाही. म्हणजे जे ‘तुझा हक्क नाही’ म्हणतायत, त्यांचाच त्या घरात एक वीटभर हिस्सा नाही. मी मुफ्ती नाही, मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. हा हिशोब अब्बांच्या मांडीला मांडी लावून बसल्याने येतो. फतवा तू मुफ्तींकडून लेखी घे. पण ज्ञान नसल्याने एक बाई महिनाभर धास्तीत आहे, हे तुझ्या लक्षात आलंय. ते तसंच लक्षात राहू दे.

रोजच्या नमाजेतही हेच. समज तू जोहरला, म्हणजे दुपारच्या नमाजेला, दोन रकातींनंतर बसायचं विसरून सरळ उभा राहिलास आणि मागून कुणी ‘सुब्हानल्लाह’ म्हणालं. परत खाली बसायचं का? हनफी मसल्यात पूर्ण उभा राहिला असशील तर बसू नये, शेवटी सजदा-ए-सहव, म्हणजे चुकीबद्दलचे जादा सजदे, करावा. हे ज्याला ठाऊक नाही तो गोंधळतो, आणि त्याच्यामागे साठ माणसं गोंधळतात. तू आताच इमामत करतोस, तेव्हा नमाजेचे मसले शिकायला सात वर्षं थांबू नकोस. तुमच्या इमाम साहेबांकडून नूरुल इजाहमधला नमाजेचा भाग याच महिन्यात वाचून घे.

एक आठवण सांगते, मग तयारीच्या वर्षाकडे येते. मी लहान असताना शेजारचं नऊ महिन्यांचं बाळ गेलं. अब्बांनी जनाजा पढवला. आठवड्याने ती आई आमच्या घरी आली आणि अम्मीला विचारू लागली, अल्लाह रहीम आहे तर त्याने माझं बाळ का नेलं? हा अकाइदमधला फार जुना प्रश्न आहे. दहाव्या शतकात अबुल हसन अशअरींनी आपल्या उस्तादांना, अबू अली जुब्बाईंना, तीन भावांबद्दल विचारलं होतं, असं किताबांत येतं. एक नेक होऊन मेला, एक गुनाहगार होऊन, एक लहानपणीच गेला. छोटा म्हणाला, मला आयुष्य का दिलं नाहीस, मीही नेक झालो असतो. त्यावर उत्तर येतं की तू मोठा होऊन बिघडला असतास, म्हणून लवकर नेलं. मग दुसरा भाऊ विचारतो, तर मग मला का नाही लहानपणीच नेलंस? उस्तादांकडे पुढे उत्तर नव्हतं, आणि अशअरी त्यांच्यापासून वेगळे झाले. इल्म-ए-कलाम, म्हणजे अकाइदवरचा युक्तिवाद, शिकशील तेव्हा हे सगळं वाचशील. अब्बांनी ते वाचलेलं होतं, पण त्या बाईपुढे त्यातलं एक अक्षर काढलं नाही. त्यांनी तिला एक शब्द सांगितला. मुलाच्या जनाज्यात जी दुआ पढतात तिच्यात त्या मुलाला आमच्यासाठी ‘फरत’ कर असं मागतात. अरबीत फरत म्हणजे काफिल्याच्या पुढे पाण्यापर्यंत जाणारा. तो आधी पोहोचतो, दोर-बादल्या तयार ठेवतो, म्हणजे मागून तहानलेली माणसं आली की त्यांना थांबावं लागत नाही. अब्बा म्हणाले, ‘बेटी, तुझं पोरगं पाण्यावर पुढे गेलंय. तू येशील तोवर भरून ठेवील.’ ती बाई रडली. पण त्यानंतर ती येऊन तोच प्रश्न विचारायची थांबली, आणि अम्मीशी इतर गोष्टी बोलू लागली.

ती दुआ त्या दिवशी रांगेतल्या कितीतरी माणसांना पाठ होती. शब्दाच्या आत काय आहे ते एकालाच ठाऊक होतं. सर्फ-नह्व रटताना कंटाळा येईल, दुसऱ्या वर्षी सगळं सोडून सातपूरला परत यावंसं वाटेल, तेव्हा हा शब्द आठव.

आता या वर्षाचं. तुझी पहिली अडचण अरबी नाही, उर्दू आहे. तू मराठी माध्यमाचा. कुरआनची लिपी येते, पण मदरशात शिकवणं, समजावणं, शेरे-हाशिये सगळं उर्दूत, आणि तेही नस्तालीक या तिरक्या वळणाच्या अक्षरात. रोज एक तास दिलास तर सहा महिन्यांत वाचायला लागशील. बोलणं आपल्या घरात आहेच. फज्रनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर, तुमच्या इमाम साहेबांकडे अर्धा तास बैस आणि मीजान व नह्वमीर ही व्याकरणाची पुस्तकं सुरू कर. थकलेल्या उस्तादांना शागीर्द मिळाला की त्यांचीही तब्येत सुधारते, हे मी घरात पाहिलंय. सहा महिन्यांनी तुलाच कळेल की हे तुला झेपतंय की नुसती हौस होती. हौस निघाली तरी काही बिघडलं नाही, नोकरी हातात असेल.

याच वर्षात आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घाल. १९८९ पासून ते नाशकात आहे, गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला. राज्यभरातली मुलं ज्याचा फॉर्म भरतात ते तुझ्या गावात आहे. घरी अभ्यास करून परीक्षा देता येते. कारण स्पष्ट सांगते. मदरशाच्या सनदीला आपल्या लोकांत मान आहे, सरकारी नोकरीच्या टेबलावर बहुधा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा कायम ठेवला, पण त्यातली कामिल आणि फाजिल या पदव्यांची तरतूद यूजीसी कायद्यात बसत नाही म्हणून रद्द केली. अलीगढ आणि जामिया मिल्लियासारखी विद्यापीठं ठरावीक मदरशांच्या सनदीवर प्रवेश देतात, अलीगढला मदरशातून आलेल्या मुलांसाठी ब्रिज कोर्सही आहे. ती वाट आहेच. पण तुझी बारावी झालेली आहे, तेव्हा पदवीची वाट आताच चालू ठेव. बी.ए. हातात असली तर पुढे बी.एड. करून शाळेतही शिकवता येईल, आणि शाळेचा पगार घेणारा इमाम हुंड्यावर बोलू शकतो.

कुठे जायचं? देवबंद-नदवा ही नावं मोठी आहेत, प्रवेश परीक्षा कठीण असते, आणि घर दीड हजार किलोमीटरवर राहतं. तुझ्या घरी बहीण लग्नाची आहे, अब्बांचं वय होत चाललंय. माझं मन मालेगावकडे झुकतं. आपल्याच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरवर, चांदवड ओलांडलं की आलंच. मोठे, नावाजलेले मदरसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. मदरशाची सुट्टी जुम्म्याला असते, म्हणजे महिन्यातून एक-दोनदा गुरुवारी दुपारी एसटीत बसून घरी येता येईल. शेवटची दोन वर्षं मोठ्या ठिकाणी जायचं असेल तर तेव्हा जा. नवं वर्ष शव्वालमध्ये, ईदनंतर सुरू होतं, तेव्हा रमजानच्या आधीच जाऊन बघून ये. शाळा-कॉलेज करून आलेल्या मोठ्या मुलांसाठी काही मदरशांत कमी वर्षांचे वेगळे वर्ग असतात, ते मुद्दाम विचार. तेवीस वर्षांचा माणूस तेरा वर्षांच्या पोरांत बसला तर पहिला महिना जड जातो.

मसलकाचं मोकळेपणाने सांगते, कारण हे तुला कुणी लिहून देणार नाही. तुमची मशीद ज्या मसलकाची आहे त्याच मसलकाच्या मदरशात शिकलास तर लोक तुला स्वीकारतील. दुसरीकडून आलास तर मयतासाठीच्या पहिल्या फातिहेवरून किंवा उभं राहून पढायच्या सलामावरून भांडण होईल. हे मला आवडत नाही, पण असंच आहे. मदरसा निवडताना एवढं बघ की तिथले उस्ताद दुसऱ्यांबद्दल कोणत्या भाषेत बोलतात. मतभेद शिकवणं वेगळं आणि शिवी शिकवणं वेगळं. नाशकात बडी दर्ग्याला जाणारेही आपलेच आहेत आणि न जाणारेही. कोकणीपुऱ्यातल्या जुन्या घराण्यांचा मसलक शाफई आहे. त्यांची असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, आपल्या हनफी वेळेच्या आधी होते, ते आमीन मोठ्याने म्हणतात, फज्रला कुनूतची दुआ पढतात. तुझ्या मागे नमाजेला असा माणूस उभा राहिला आणि शेजारच्याने त्याला टोकलं, तर टोकणाऱ्याला समजावण्याएवढं तुला आलं पाहिजे. इख्तिलाफ, म्हणजे मतभेद, नीट शिकलेला आलिम नरम होतो, हे मी अनेकांत पाहिलं.

मदरसा तुला काही गोष्टी शिकवणार नाही. त्या स्वतः शिकाव्या लागतील. एका दमात दिलेले तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्दबातल ठरवले आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. निकाह पढवताना मुला-मुलीच्या वयाचे कागद स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बसू नकोस, आणि लग्नाची सरकारी नोंदणी करून घ्यायला दोन्ही घरांना बजाव. विधवा बाईला हिस्सा सांगून भागत नाही, सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वारस नोंद कशी लागते हे ठाऊक असलं पाहिजे, नाहीतर १५ भाग कागदावरच राहतात.

आणि मराठी. ती टाकू नकोस. मदरशातून परतलेली मुलं कधीकधी अशी उर्दू बोलू लागतात की गल्लीतली पोरं ऐकून घेतात आणि निघून जातात. आज आपली किती मुलं मराठी शाळांत आहेत! जुम्म्याचा खुतबा, म्हणजे प्रवचन, अरबीत असतो, आधीचं बयान उर्दूत. त्या बयानातली पाच मिनिटं तू मराठीत बोलू शकलास तर मागच्या रांगेतली शाळकरी मुलं मान वर करतील. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठी ओव्यांतून बोलत होते, तेव्हा हे काही नवं नाही. शिवाय भद्रकालीला शांतता समितीची बैठक असते, कब्रस्तानाच्या पाण्यासाठी महापालिकेत अर्ज द्यायचा असतो, शेजारच्या घरी कुणी गेलं तर दोन शब्द बोलायला जायचं असतं. तिथे जमातीच्या वतीने बोलणारा माणूस अडखळला की सगळी जमात अडखळते.

बायकांचं राहिलं. माझ्या अब्बांकडे बायका थेट येत नसत, अम्मीकडे येत. अम्मी स्वयंपाक करता करता ऐकायची, रात्री अब्बांना विचारायची, सकाळी उत्तर पोहोचवायची. मोहल्ल्यातले अर्धे प्रश्न त्या चुलीपाशी सुटले, आणि अम्मीला कुणी कधी सनद दिली नाही. तुझ्या लग्नाचा विषय निघेल तेव्हा मालेगावच्या मुलींच्या मदरशात शिकलेली आलिमा मिळाली तर विचार कर. तुझ्या घराच्या ओट्यावर बायांना बसून बोलता आलं पाहिजे. ती बाई तुझ्याकडे आली ती तू तिच्या मुलासारखा आहेस म्हणून. दाढी पिकल्यावर येणार नाही.

आता अब्बा. त्यांना तू समजावायला जाऊ नकोस, आधी त्यांचं ऐक. अबू हनीफांच्या दर्समध्ये, म्हणजे पाठात, एक गरीब मुलगा यायचा, अबू यूसुफ. घरचे त्याला ओढून कामावर नेत, कारण घरात खायला नव्हतं. असं सांगतात की अबू हनीफांनी घरच्यांना दीनचं महत्त्व पटवण्यात वेळ घालवला नाही. त्या घराचा खर्च त्यांनी स्वतः उचलला, आणि मुलगा दर्समध्ये बसू लागला. पुढे हारून रशीदच्या काळात तोच बगदादचा मोठा काझी झाला. तुझ्या अब्बांची अडचण तशीच खरी आहे, तू तिला ईमानची कमजोरी समजू नकोस. मदरशात राहणं-जेवण मोफत असतं, तुझा खर्च थोडा. पण घरातून दर महिन्याचे १७ हजार कमी होतील. म्हणून या वर्षात पैसे बाजूला टाक, बहिणीच्या लग्नाचं काही प्रमाणात उरक, आणि ते लग्न साधं कर. निकाह मशिदीत, कर्ज न काढता. शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, मध्यापासून शव्वालपर्यंत सुट्टी असते, त्यात फिटरचं काम मिळतं का ते तुझ्या सुपरवायझरना आत्ताच विचारून ठेव. तरावीहचा नजराना हिशोबात धरू नकोस. कुरआन ऐकवण्याचे पैसे बरेच उलेमा नाजायज मानतात, आणि त्या पैशावर घर बेतलंस तर पुन्हा कमिटीच्याच दारात उभा राहशील. हे सगळं एका कागदावर मांडून अब्बांपुढे ठेव. रिक्षावाल्याला रोजचा हिशोब कळतो.

मदरसा बघायला जाशील तेव्हा त्यांना सोबत ने. उस्तादांशी त्यांना बोलू दे, मुलं काय खातात ते बघू दे.

शिकत असताना लोक विचारत राहतील, आणि बऱ्याचदा तुला येणार नाही. इमाम मालिकांना एकदा ४८ प्रश्न विचारले गेले आणि त्यांतल्या ३२ ना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं, असं नमूद आहे. तू त्या बाईंना ‘विचारून सांगतो’ म्हणालास तिथपर्यंत बरोबर होतास. पुढे विचारलं नाहीस, चूक तेवढीच झाली.

म्हणून मदरसा, शव्वाल, बी.ए. हे सगळं पुढच्या आठवड्यापासून. या रविवारी सुट्टी असेल तेव्हा त्या बाईंकडे जा. एकटा नको, तुझ्या अम्मीला घेऊन जा. उशीर झाला म्हणून माफी माग. एका कोऱ्या कागदावर लिहून घे: कोण कोण वारस, सासरे हयात आहेत का, कर्ज किती, वसीयत आहे का, घर कुणाच्या नावावर, आणि मेहेरची रक्कम दिली होती का. निकाहनामा मागून बघ, रक्कम तिथे लिहिलेली असते. तो कागद घेऊन मुफ्ती साहेबांकडे जा, फतवा लेखी घे, आणि तो तुझ्या हाताने त्यांना नेऊन दे. दीर घरात असतील अशा वेळी जा, आणि त्यांच्यासमोर वाचून दाखव.